किती नावाचा रकाना

१

पाणीपुरवठ्याच्या मुख्य कार्यालयात कॉम्प्युटरची दुखणीखुपणी बघायला एक गृहस्थ होते. त्यांना सगळे खात्रीराव म्हणत. कारण काय, तर कुणी म्हणालं, "बाहेर ऊन पडलंय," की हे म्हणणार, "थांबा, खात्री करून घेऊ." आणि खरंच खिडकीपर्यंत जाऊन यायचे. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मुलीला "नक्की ना?" असं चारदा विचारलं. पाचव्यांदा विचारायला गेले तोवर तिने दुसऱ्याशी लग्न उरकलं होतं, असं त्यांची धाकटी बहीण सांगते. बहिणीचं बोलणं म्हणजे निम्मं सोडून द्यायचं, पण उरलेलं निम्मंही पुरेसं आहे.

त्या दिवशीची तक्रार अगदी रोजच्यातली होती. कार्यालयातल्या चारशे माणसांची एक यादी असते. कोण, कुठल्या टेबलावर, फोन कुठला, कुणाच्या कार्डाने कुठलं दार उघडायचं. तिला डिरेक्टरी म्हणायचं. ती राहते तळघरातल्या दोन सर्व्हरांवर. एक आजारी पडला तर दुसरा असावा म्हणून दोन. त्या यादीला कोणकोणते रकाने असावेत याचा जो ठराव, तो स्कीमा. आता टेबलावरचे कॉम्प्युटर पडले आळशी. दरवेळी तळघरात विचारायला कोण जाणार, म्हणून ते ठरावाची एक नक्कल आपल्याजवळच उतरवून ठेवतात. ती नक्कल म्हणजे कॅशे, आणि सगळं दुखणं तिच्यातच. खाली ठराव बदलला तरी वरचे शहाणे आपली जुनी नक्कल वाचत बसतात.

मोठ्या बाईंनी, म्हणजे कार्यालयाच्या प्रमुखांनी, 'मजला' हा रकाना नवीन घालायला सांगितला होता. आठवडा झाला तरी निम्म्या टेबलांवर तो उगवलाच नव्हता.

खात्रीरावांनी अशा वेळी जे करतात तेच केलं. खाली ठरावात एक खोटा रकाना घातला, कुठवर पोचतो ते बघायला. आकड्याचा रकाना. नाव ठेवलं 'किती'. कशाचं किती, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. हाताला आलं ते नाव ठेवलं. मग दहा टेबलं फिरून आले. रकाना कुठेच पोचला नव्हता. दहाच्या सुमाराला त्यांनी तो दोन्ही सर्व्हरांवरून पुसला, पुसल्याची दोनदा खात्री केली, आणि हात झटकले.

अकराला फाटकावरून फोन आला.

२

फाटकावर पहारेकरी काका बसायचे. त्यांच्या पुढ्यात कार्यालयातला सगळ्यात म्हातारा कॉम्प्युटर होता. आल्यागेल्याला "अमके साहेब कुठे बसतात" हे सांगण्यापुरता.

"खात्रीराव, यादीत हे 'किती' काय घातलंत?"

"आलं का तिथे? जुनी नक्कल धरून बसलाय तो. येतो पुसायला."

"पुसा की. पण आधी सांगा, कशाचं आहे? मी म्हटलं वय असेल. पण मोठ्या बाई एक वर्षाच्या कशा?"

खात्रीराव थबकले. रकाना दिसणं समजू शकतं. पण रकान्यात आकडा?

"काका, त्यात काही भरलेलंच नाहीये."

"चारशेच्या चारशे भरलेत. आता मी पुढच्या महिन्यात चष्म्याचा नंबर काढणार आहे हे खरं, पण एवढाही आंधळा नाही."

खात्रीराव खाली गेले. खरंच, प्रत्येक नावापुढे आकडा होता. मोठ्या बाई, एक. हिशेब खात्यातले सातही जण, सात. टंकलेखनवाल्या दोघी, दोन.

त्यांनी तिथूनच तळघरातला सर्व्हर उघडून बघितला. 'किती' नाही. दुसरा बघितला. नाही. मग म्हाताऱ्याची नक्कल पुसली, त्याला बंद करून चालू केला. यादी कोरी आली, क्षणभर तशीच राहिली, आणि 'किती' पुन्हा उभा राहिला. भरलेला.

"कुणीतरी चेष्टा करतंय," खात्रीराव म्हणाले.

"माझ्याकडे बघू नका. मला अजून मोठ्या लिपीचं बटण सापडत नाही."

खात्रीरावांनी टेबलाखाली वाकून मागची तार उपटली. आता म्हाताऱ्याचा जगाशी संबंध तुटला. तारेचं टोक हातात धरून ते पडद्याकडे बघत राहिले. त्यांच्या स्वतःच्या नावापुढे दोन होतं. काकांच्या नावापुढेही दोन.

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. काका उठून फाटक उघडायला गेले.

खात्रीरावांच्या नावापुढचं दोन गेलं आणि एक आलं.

तार त्यांच्या हातात होती. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, जणू दुसरं टोक कुठेतरी लपलं असेल.

काका परत येऊन खुर्चीत टेकले. दोन.

"काका, जरा पुन्हा बाहेर जा."

"गाडी नाही आली."

"तरी जा."

काका गेले. एक. काका आले. दोन. तिसऱ्यांदा जायला सांगितल्यावर काका म्हणाले, "तुमची खात्री होईस्तोवर माझे गुडघे जातील." पण त्यांनीही पडदा बघितला होता, आणि ते हसले नाहीत.

३

माणूस ज्या खोलीत आहे, तिथे एकूण किती जण, तेवढाच तो आकडा. बस्स. खात्रीराव दुपारपर्यंत मजल्यामजल्यावर डोकी मोजत हिंडले आणि काका फोनवरून आकडे सांगत राहिले. पुरवठा खाते नऊ, बरोबर. तक्रार खिडकी चार, बरोबर. "तुम्ही आत शिरलात, आता पाच," काका सांगत. लोकांना वाटलं, खुर्च्या कमी करणार आहेत. एकीने तर खात्रीराव बाहेर पडताच दार लावून कडी घातली.

तार तुटलेल्या यंत्राला हे कसं कळतं, या प्रश्नाला खात्रीरावांनी हातच लावला नाही. ज्याचं उत्तर मिळणार नाही तो प्रश्न बाजूला ठेवायचा आणि जे तपासता येतं ते तपासायचं, ही त्यांची रीत. वाईट नाही. फक्त तपासताना शेवटी एक खोली येते.

"आता राहिली दुसऱ्या मजल्यावरची नकाशाखोली," काका म्हणाले. "तुमच्या बहिणीकडे दोन."

"दोन? ती एकटी असते तिथे."

"कुणी आलं असेल."

खात्रीरावांनी धाकटीला फोन लावला. "कोण आलंय गं तुझ्याकडे?"

"माझ्याकडे? मी आणि सहा हजार नळांचे नकाशे. का रे दादा, कुणी श्रीमंत पाहुणा पाठवतोयस का?"

४

नकाशाखोलीला खिडकी नाही. जुने कागद दमट होऊ नयेत म्हणून एक यंत्र हवेतलं पाणी शोषत दिवसभर घुमत असतं. रुळांवरची उंच कपाटं एकमेकांना चिकटून उभी. चाक फिरवलं की दोन कपाटांच्या मध्ये एक बोळ उघडते, ती एका माणसापुरती. मागे कुणीतरी नकाशे पळवले होते, तेव्हापासून तिथलं दार आतूनही कार्डाशिवाय उघडत नाही. कार्ड चालतं फक्त दोघींचं, धाकटीचं आणि मोठ्या बाईंचं. दाराला उभी, वीतभर रुंदीची काच.

धाकटीने दार उघडून भावाला आत घेतलं. फोन कानाला होताच.

"काका, आता?"

"तीन."

खात्रीरावांनी खोलीभर नजर फिरवली. धाकटी टेबलाशी उभी राहून एक नकाशा गुंडाळत होती.

"काय झालं? उंदीर आहे का?"

"कपाटं उघड जरा."

"सगळी? सकाळपासून काय खाल्लंस?"

तिने कुरकुर करत एकेक चाक फिरवलं. बोळ उघडे, खात्रीराव आत डोकावत, बोळ मिटे. शेवटच्या बोळीत त्यांना वाटलं, पलीकडच्या टोकाला कागद सरकल्यासारखा आवाज झाला. ते तिथवर गेले. काही नव्हतं. परत फिरताना बोळ त्यांना थोडी अरुंद वाटली. त्यांनी ती मोजली नाही. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट मोजावीशी वाटली नाही.

मग त्यांना एक सोपी शंका सुचली आणि हायसं वाटलं. या खोलीचाच आकडा एकाने चुकत असेल! चुकणारी यंत्रं त्यांना आवडायची. त्यांच्यावर तर पोट होतं.

"तू जा, चहा घे," ते बहिणीला म्हणाले. "दार उघडं धरून ठेवतो मी."

ती गेली. ते उंबऱ्याच्या आत एकटे उभे राहिले, पाय दारात अडकवून.

"काका, माझा आकडा?"

"एक."

"खोली बरोबर आहे म्हणजे."

"आणि खात्रीराव," काकांचा आवाज खाली आला, "ती आत्ता जिन्यात असेल ना? एकटी?"

"हो."

"तिचे दोनच आहेत."

५

चहाच्या खोलीत धाकटी कोपऱ्यात बसली होती. खात्रीरावांनी डोकी मोजली. स्वतःला धरून अकरा. मग पुन्हा मोजली, बोट दाखवत, अगदी निलाजरेपणाने. अकरा. फोनवर काका म्हणाले, बारा.

ते तिच्यासमोर बसले. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. त्या खुर्चीवर कुणी बसू नये म्हणून की काय, त्यांनी आपली फाइल ठेवली, आणि लगेच उचलूनही घेतली.

"तुला अलीकडे काही वाटतं का गं? कुणी बरोबर असल्यासारखं?"

"माझ्याबरोबर? अरे, नवऱ्याला माझ्याबरोबर सलग पाच मिनिटं बसवत नाही. बोटीवर नोकरी का धरलीय असं वाटलं तुला?"

"चेष्टा नको."

"तू चेहरा असा करून बसलास तर दुसरं काय करू? चल, पाच वाजता ठकीला घ्यायचंय. उशीर झाला की पाळणाघरवाली मावशी पोरांना पायरीवर आणून बसवते, आणि ठकी वर मान करून मला जाब विचारते. चार वर्षांची कार्टी."

"ठकी कुठे झोपते?"

"माझ्या कुशीत. आज काय झालंय तुला?"

खात्रीराव मनातल्या मनात हिशेब मांडू लागले. इथे निदान मोजणारं एक डबडं आहे. घरी काय आहे? दोन खोल्या, एक पलंग, एक चार वर्षांची पोर, आणि मोजायला कोणी नाही. पाच वाजता ही फाटकातून बाहेर पडेल, पोरीचा हात धरेल, आणि पलीकडचा हात कोण धरेल?

सव्वाचार झाले होते. धाकटी कप ठेवून उठली. खात्रीराव आपल्या टेबलाशी गेले.

आता या वेळी त्यांनी जे केलं, ते कॉम्प्युटर सांभाळणारा माणूसच करू जाणे. ताप उतरावा म्हणून तापमापी फोडणारे पाहिलेत का कुणी? हे पाहा. त्यांनी विचार केला, आकडा लागतो तो यादीतल्या नावाला. नावच काढलं, तर तो कशाला लागून राहणार? थोडा वेळ काढायचं, मग नवंकोरं परत घालायचं. अशाने शेकडो दुखणी बरी होतात. त्यांनी धाकटीची नोंद उघडली, एकदा वाचली, आणि पुसली.

चारशेची यादी तीनशे नव्याण्णव झाली.

काकांना फोन केला. "काका, तिचा आकडा?"

"नावच नाही हो इथे." काकांनी सुस्कारा सोडला. "गेलं वाटतं."

खात्रीरावांनी खुर्चीत पाठ टेकली. तेवढ्यात दुसरा फोन वाजला. धाकटीचा.

"दादा, पर्स घ्यायला आत आले होते. दार मला ओळखतच नाहीये."

६

ते दोन-दोन पायऱ्या गाळत वर पोचले. मोठ्या बाई साडेतीनलाच दुसऱ्या गावच्या बैठकीला निघून गेल्या होत्या, त्यांच्या कार्डासकट, फोन बंद. काकांनी फोनवर विचारलं, आगीची घंटा वाजवू का, त्याने दारं सुटतात? पण त्या खोलीत घंटा वाजली की दार सुटण्याआधी आग विझवणारा वायू सुटतो. तो कागद वाचवतो. माणसाचं त्याला कुणी शिकवलेलं नाही.

दार वाजत होतं. आतून. ठक, ठक, ठक, घाई नसल्यासारखं.

खात्रीरावांनी काचेशी तोंड नेलं. पलीकडे धाकटी होती, फोन खांद्याने कानाशी दाबलेला, चेहरा वैतागलेला.

"आलास ना? मग उघड. आणि ते वाजवणं बंद कर, कळलं मला तू आलायस ते."

"मी नाही वाजवत."

"मग कोण? माझे दोन्ही हात इथे आहेत."

होते. दोन्ही तळवे तिने काचेवर टेकवले होते. बोटांची टोकं पांढरी पडली होती. खात्रीरावांचा एक हात फोनवर, एक चौकटीवर. ठक, ठक, ठक. दाराच्या खालच्या अर्ध्या भागातून, काच संपते तिथून बरंच खाली. काचेतून तिथवर दिसत नव्हतं. तिनेही खाली बघितलं नाही. ती भावाकडेच बघत राहिली, आणि तिच्या तोंडावरचा वैताग हळूहळू ओसरून दुसरंच काही आलं.

"दादा," ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "चेष्टा असेल तर सांग. मी रागावणार नाही."

"मागे बघू नकोस. माझ्याकडे बघ. आलोच."

७

काकांचा म्हातारा कॉम्प्युटर जवळ होता, म्हणून ते फाटकाकडेच धावले. तार परत जोडली. कोणाला कुठलं दार, हे ठरवायचा अधिकार मोठ्या बाईंचा. खात्रीरावांच्या हातात फक्त नोंदी. पण जुनी नोंद जशीच्या तशी परत आणली, तर तिच्याबरोबर दारही परत येतं. त्यांनी पुसलेली नोंद शोधली आणि 'परत आणा' दाबलं.

आली नाही. एक रकाना तांबडा झाला. 'किती' भरल्याशिवाय नोंद घेता येणार नाही.

त्यांनी तळघरातला ठराव उघडला. सकाळी पुसलेला, दोनदा खात्री केलेला रकाना दोन्ही सर्व्हरांवर होता. आणि आता सक्तीचा होता.

"भरा की काहीतरी!" काका म्हणाले. "पोर आत आहे."

खात्रीरावांनी एक लिहिलं. तांबडं. मूल्य ग्राह्य नाही. पुन्हा एक. तांबडं. शून्य. तांबडं. बोट दोनच्या बटणावर गेलं आणि थांबलं. यंत्राला काय लिहून हवंय हे त्यांना केव्हाच कळलं होतं. दोन लिहायचं, म्हणजे स्वतःच्या हाताने कबूल करायचं. आणि त्या आकड्याने दार उघडेल, ते कितीजणांसाठी?

नाही लिहिलं, तर मोठ्या बाई येईपर्यंत ती आत. दीड तास, कदाचित दोन. काचेच्या खाली जे आहे त्याच्याबरोबर.

त्यांनी दोन लिहिलं. तांबडा रंग गेला.

"काका, अजून दाबू नका. मी वर जातो. फोनवर 'आता' म्हटलं की दाबा. ती बाहेर आली रे आली की मी दार ओढून घेणार. मध्ये फट राहता कामा नये."

काकांनी खुर्ची पुढे ओढली. बोट बटणावर ठेवलं.

वर दार आता वाजत नव्हतं. हे जास्त वाईट होतं. खात्रीरावांनी दांडा पकडला, पाय रोवले, काचेतून बहिणीला खूण केली, आणि म्हणाले, "आता."

कुलूप खटकन सुटलं. त्यांनी धाकटीचं मनगट धरून तिला बाहेर खेचलं आणि सगळ्या अंगाचा भार देऊन दार ओढलं. ते ओढलं गेलं नाही. क्षणभर, फार तर श्वासभर, ते बोटभर उघडं तटून राहिलं, कुणाचा तरी खांदा मध्ये आल्यासारखं. मग सहज, हलकेच मिटलं. कुलूप लागलं.

खात्रीराव दोन्ही हातांनी दांडा धरून उभे राहिले.

"हात उखडशील माझा!" धाकटी मनगट चोळत म्हणाली. तिचा आवाज कापत होता, म्हणून ती मुद्दाम मोठ्याने बोलत होती. "तुमची ती यंत्रं आणि तुम्ही! उद्या मोठ्या बाईंना सांगून तुझी बदलीच करते नळाच्या खड्ड्यात. पाच वाजून गेले, ठकी पायरीवर बसली असेल."

"तू जा," खात्रीराव म्हणाले. "मी थांबतो इथे."

"दार कशाला धरून ठेवलंयस?"

"खात्री म्हणून."

ती हसली. हसल्यावर तिला बरं वाटलं असावं. पर्स खांद्याला लावून ती चालू लागली. लांबलचक रिकामा व्हरांडा, आणि त्याच्या टोकाला जिन्याचं झुलतं दार. खात्रीरावांनी कान नकाशाखोलीच्या दाराला लावला. आत पाणी शोषणारं यंत्र घुमत होतं, बाकी काही नाही. त्यांनी दांडा आणखी घट्ट धरला, आणि बहीण नीट जातेय ना म्हणून मान वळवून बघितलं.

धाकटी टोकाला पोचली होती. तिने झुलतं दार ढकललं, बाहेर पाऊल टाकलं, आणि मागे न बघताच, सवयीने, पाठोपाठ येणाऱ्यासाठी आपण धरतो तसं ते एका हाताने धरून ठेवलं. कुणीतरी पार होईल इतका वेळ. मग सोडलं.